दुपारचं गिऱ्हाईक

आमच्या घरात 'बार' हा शब्द कधी उच्चारला गेला नाही. सासरच्या मागच्या पिढ्यांनी एक तर लोकांच्या घरी पूजा सांगितल्या, नाही तर कचेरीत फायली सांभाळल्या. त्या घराण्यात माझ्या नवऱ्यानं पैठण रोडवर परमिट रूम काढली, तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला 'हॉटेल' म्हणायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे कुणी बैठक घेतली नाही, ते आपोआपच झालं. "हॉटेलातून आला का?" "हॉटेल कसं चाललंय?" पाटीवर मात्र ठळक अक्षरांत जे होतं तेच लिहिलेलं होतं आणि ते बसच्या खिडकीतून कुणालाही वाचता यायचं.

नवरा गेला आणि लायसन माझ्या नावावर आलं. त्याआधी मी औरंगपुऱ्यातल्या एका खासगी शाळेत चौथीचा वर्ग सांभाळायचे. त्याच्या आजारपणात ती नोकरी सुटली. दारूचा थेंब मी कधी चाखलेला नाही, पण त्याच्या शेवटच्या दिवसांत काउंटरवर मीच बसत होते, त्यामुळे काम माहीत होतं. माणसं तीच राहिली, टेबलं तीच राहिली, फक्त काउंटरमागच्या खुर्चीत साडी नेसलेली बाई आली. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकायचं. एक जण तर आत आला, मला बघितलं, दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि तसाच मागं मागं सरकत बाहेर गेला. हळूहळू लोकांना सवय झाली.

लोकांना सवय व्हायला आणि दुष्काळ पडायला एकच गाठ पडली. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. धरण तळाला गेलं होतं, कंपन्यांनी शिफ्टा कमी केल्या होत्या आणि त्यात रस्ता रुंद करायचा म्हणून दोन्ही बाजूंनी खणून ठेवला होता. बिडकीनकडं मोठी औद्योगिक वसाहत होणार, शहर तिथपर्यंत पोचणार, असं जो तो सांगायचा. पोचेल तेव्हा पोचेल. तूर्त ते आमच्या दारात खड्डा करून थांबलं होतं. संध्याकाळी प्लॉटचे दलाल आणि थोडे जुने लोक येत, त्यावर गाडा कसाबसा चालायचा. दुपार मात्र अगदी मेलेली असायची.

दुपारी बंद का ठेवत नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. विचारणाऱ्यांनी कधी माणसं सांभाळलेली नसावीत. दुपारी ज्याला घरी पाठवलं, तो संध्याकाळी दुसरीकडं कामाला लागलेला असतो.

आणि माणसं टिकणं हाच माझा सगळा प्रश्न होता. जागा दोघा भावांच्या नावावर होती, नवऱ्याच्या आणि माझ्या धाकट्या दिराच्या. दीर पाटबंधारे खात्यात नोकरीला, सरळ माणूस, तोंडावर बोलणारा. तो एवढ्या वर्षांत एकदाही आमच्या जागेत पाऊल टाकायला आला नव्हता. काही द्यायचं-घ्यायचं असलं की बाहेर रस्त्यावर स्कूटरचा हॉर्न वाजवायचा. त्या वर्षी तो मुलीचं लग्न जमवत होता. पत्रिका जुळली की पुढची चौकशी सुरू व्हायची आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असायचा, मुलीची काकू काय करते? तो मला म्हणाला, "वहिनी, पाऊस पडेपर्यंत बघू. तोवर हॉटेल तग धरून राहिलं, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही तर जागा देऊन टाकू. बिल्डर मागतोच आहे."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण मनातून मी हादरले होते. ती जागा गेली असती, तर सकाळी उठून जायला मला कुठलं ठिकाणच उरलं नसतं. नवरा त्या चार भिंतींत जेवढा शिल्लक होता तेवढा घरातसुद्धा नव्हता. आणि तिथली माणसं गेली असती, तर ती जागा मला आठवडाभरही चालवता आली नसती.

माणसं म्हणजे पाच. वेटरांचा म्होरक्या, ज्याला आमच्या धंद्यात कॅप्टन म्हणतात, तो बिडकीनचा होता. उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलायला फटकळ. भटारखाना वस्तादच्या ताब्यात. आमच्याकडं स्वयंपाक्याला वस्ताद म्हणायची पद्धत आहे आणि हा तर दिसायलाही आखाड्यातून उठून आल्यासारखा होता. काउंटरवर पेग मोजायला चाचा. ते खुलताबादहून बसनं येत, पाच वक्ताची नमाज पढत, आणि बाटलीकडं जेवढ्यास तेवढं बघत. मला ते भाभी म्हणायचे. उरलेले दोघं वेटर सख्खे चुलतभाऊ होते आणि ते फक्त एकमेकांशी बोलायचे.

गर्दीच्या वेळी हीच माणसं इतकी छान चालायची की मला काउंटरवर बसून जांभया द्यायला हरकत नव्हती. रिकाम्या दुपारींनी त्यांना पार नासवलं. पाणी टँकरचं, म्हणून कूलर बंद होता. त्यामुळे पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडणं. वस्ताद आणि कॅप्टन एका पळीवरून एकमेकांशी बोलेनासे झाले. ती पळी कुणी कुठं ठेवली यावरून झालेलं ते भांडण मी समोर असून मला समजलं नव्हतं. चाचा त्याच त्या बाटल्या पुन्हा पुन्हा पुसायचे. चुलतभाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. अशात एखादं चुकार गिऱ्हाईक आलंच, तर पाची जण त्याच्याकडं असं बघायचे की तो बिचारा अर्धा ग्लास ठेवून उठायचा.

मी शिक्षिका. मला जे येत होतं ते मी केलं. भिंतीवर तक्ता लावला. वेळेवर आला, एक चांदणी. टेबल नीट पुसलं, एक चांदणी. भांडण केलं नाही, दोन चांदण्या. कॅप्टननं तक्ता नीट वाचला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "बाई, पाढे बी म्हणायचे का?" दुसऱ्या दिवशी वस्ताद कपाळावर चांदणी चिकटवून भाकरी थापत होता. चुलतभावांनी उरलेल्या चांदण्या रमच्या बाटलीला लावल्या. मी तक्ता काढला आणि मीटिंग घेतली. मीटिंगमध्ये मी बोलले, त्यांनी ऐकलं आणि मग सगळे आपापल्या खुर्चीवर जाऊन बसले.

माझा एकच नियम त्या दिवसांत सगळ्यांनी मनापासून पाळला. पाणी वाया जायला नको म्हणून टेबलावर आधी ग्लास भरून ठेवायचे नाहीत, असं मी सांगितलं होतं. पण कुणी पाणी मागितलं की जो मोकळा असेल त्यानं ताडकन उठायचं. दुसऱ्यांदा मागायची वेळ आणायची नाही. दुष्काळात पाण्यासाठी ज्याला दोनदा तोंड उघडावं लागलं, तो माणूस परत त्या दारात येत नाही, असं माझं मत होतं आणि अजून आहे. "कसं उठायचं?" असं विचारत मी त्यांच्याकडून ते घोटूनच घेतलं होतं.

तर एका दुपारी कॅप्टन अर्धी उष्टी डाळ घेऊन भटारखान्यात गेला. पळीनंतर प्रथमच तो वस्तादशी बोलत होता. "गिऱ्हाईक म्हणून गेलं, डाळ खारट हाय."

"गिऱ्हाइकाची जीभ खारट असंल. मी रोज चाखतो."

"उभ्यानं चाखतोस. कधी बसून खाल्लीस का?"

हे खरं होतं. आमच्याकडं सगळे जण भटारखान्यात उभ्यानं, पातेल्यातून वाढून घेऊन जेवायचे. टेबलाशी बसायचं ते गिऱ्हाइकानं. वस्तादनं एप्रन काढून फेकला, दाणदाण पावलं टाकत बाहेर आला आणि खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. "आण. बघतोच."

आता मारामारी होणार म्हणून मी उठले. पण कॅप्टननं खांद्यावर नॅपकिन टाकला, थोडा वाकला आणि म्हणाला, "या साहेब. काय घेणार?"

वस्तादला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. तो गडबडला. त्यानं मेन्यूकार्ड मागितलं, आपणच रोज करतो ते पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि घसा साफ करून विचारलं, "ताजं काय हाय?"

चाचांनी तोंडावर रुमाल धरला. कॅप्टन मात्र हसला नाही. त्यानं डाळ-भाकरी नीट मांडली, कांदा-लिंबू दिलं, दोन पावलं मागं जाऊन उभा राहिला. वस्तादनं सावकाश खाल्लं. मग त्यानं मान वर केली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "डाळ खारट हाय."

त्या दिवशी आम्ही कितीतरी आठवड्यांनी हसलो. मीही हसले. नवरा गेल्यानंतर त्या जागेत मी हसले ते तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी चुलतभावांपैकी थोरला सहज म्हणाला, "आज कुणाचा नंबर?" आणि प्रथा पडली. जेवणाची वेळ सरली की रोज एकानं गिऱ्हाईक व्हायचं, बाकीच्यांनी त्याला खरोखरीचं वाढायचं. दारू नाही. तक्रार हवी तेवढी करायची, शिवी द्यायची नाही. हे नियम माझे, बाकी सगळं त्यांचं. थोरल्या चुलतभावाचा नंबर आला तेव्हा धाकट्यानं त्याला वाढलं, आणि जन्मभर गुळपीठ असलेले ते दोघं सोड्यातल्या बर्फावरून कडाकडा भांडले. त्यानंतर मात्र ते इतरांशीही बोलायला लागले. चाचांनी फक्त लिंबू सोडा मागितला, "बर्फ कम," आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बराच वेळ ते काउंटरकडं बघत होते. मग मला म्हणाले, "भाभी, यहाँ से तो काउंटर छोटाच दिखता. मैं इत्ते साल समझा, बहुत बडी जगह है."

हा खेळ होता आणि खेळ नव्हताही. खिडकीजवळ बसणाऱ्याच्या डोळ्यांत चार वाजता ऊन येतं, हे त्यांना तिथं बसल्यावर कळलं. तिथं पडदा लागला. कोपऱ्यातली खुर्ची डुगडुगते, हे वस्तादच्या वजनानं सिद्ध केलं. ऑर्डर घेताना आपण गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून पलीकडं बघतो, हे धाकट्याला थोरल्यानं सांगितलं. दुपारी चुकून येणारा माणूस आता पूर्ण ग्लास संपवून जायचा आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन यायचा. दुपार काही गजबजली नाही, पण निदान तिचा श्वास चालू झाला.

अशात कॅप्टन एकदा काउंटरशी येऊन उभा राहिला. त्याचा मेहुणा बिडकीनकडं नव्या वसाहतीच्या कामावर माणसं पुरवायचा. त्यानं कॅप्टनला सुपरवायझर म्हणून बोलावलं होतं. घराजवळ काम, पगार जास्त, हातात वॉकीटॉकी. "तुमच्यापासून लपवून जायचं नाय, म्हणून सांगतोय," तो म्हणाला.

"कधी जाणार?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला. तो गेला की चुलतभाऊ त्याच्या मागं जाणार, हे मला दिसत होतं. मग वस्ताद. मग चाचा आणि मी, आणि दीर.

"सगळ्यांचा नंबर होऊन जाऊ द्या," तो म्हणाला. "मधीच सोडून नाय जाणार."

सगळ्यांचा नंबर झाला. शेवटी त्याचा स्वतःचाही झाला. तो इतक्या रुबाबात बसला होता की वस्तादनं त्याला चुकून खरोखरच सलाम ठोकला. मग त्यानं टूथपिक दातांत धरून माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमचाच राहिला आता."

मी म्हणाले, आज उपास आहे. पुढच्या वेळी म्हणाले, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या वेळी एक्साइजचा माणूस येणार असल्याची थाप मारली. माझा नंबर राहिलाय तोवर हा राहतोय, एवढं साधं गणित मी धरून बसले होते. त्यालाही ते कळत असावं. तो रोज विचारायचा, मी रोज कारण द्यायचे, आणि तो मान हलवून कामाला लागायचा. आम्ही दोघं एकमेकांना बनवत होतो आणि दोघांनाही ते चाललं होतं.

दुसरंही एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. शाळेत असताना मी चार वाजता सुटायचे आणि तडक इकडं यायचे. खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी नवरा वर्तमानपत्र घेऊन बसलेला असायचा. मी येता येताच भटारखान्याच्या खिडकीत ओरडायचे, "दोन चहा!" जिथं बाकी सगळं मिळत होतं तिथला तो एकमेव चहा. त्या खुर्चीत बसायची माझी छाती होत नव्हती.

आभाळ रोज भरून यायचं आणि कोरडंच निघून जायचं, असे दिवस आले. एका सकाळी दिराचा फोन आला. "वहिनी, आज दुपारी बिल्डरला घेऊन येतोय. नुसतं बघून जाईल."

"पाऊस पडेपर्यंत ठरलं होतं ना?"

"नुसतं बघायचंय हो. दुपारी रिकामंच तर असतं."

ते 'रिकामंच तर असतं' मला असं झोंबलं की मी फोन आपटला आणि सगळ्यांसमोर ते शब्द बोलून दाखवले. मग कॅप्टन म्हणाला, "रिकामं असतंय व्हय? वस्ताद, कापडं बदल."

मी हो म्हणाले नाही. नकोही म्हणाले नाही. दीर कधी आत आलेला नव्हता, आमच्या माणसांना तो ओळखत नव्हता, हे माझ्या लक्षात होतं, आणि कॅप्टनच्याही.

जेवणाची वेळ सरल्यावर आमचा हॉल बघण्यासारखा होता. वस्ताद सफारी आणि गॉगल घालून मधल्या टेबलाशी. चुलतभाऊ प्लॉटचे दलाल झाले होते. त्यांनी कुठल्या तरी लेआउटचा नकाशा टेबलभर पसरला होता आणि बोटांनी रस्ते आखत होते. चाचा टोपी घालून, उर्दू पेपर उघडून कोपऱ्यात. सगळ्यांच्या ग्लासांत कोला. कॅप्टन तेवढा गणवेशात, आणि काउंटरवर मी.

दीर दारात थबकला. आयुष्यात पहिल्यांदा तो ती पायरी चढला होता. त्यानं मान वळवून एकेक टेबल बघितलं. "दुपारीपण लोक आहेत की," तो म्हणाला. बिल्डरही मान हलवत होता. तेवढ्यात वस्तादला चेव चढला. "ओ कॅप्टन! पनीर कडक हाय! हे काय खायचं का फेकून मारायचं?" कॅप्टन माफी मागत प्लेट उचलून आत गेला. सगळं कसं झकास चाललं होतं.

बिल्डर रिकाम्या टेबलाशी टेकला. उन्हातून आला होता, शर्ट भिजला होता. रुमालानं मान पुसत तो अगदी हळू, कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?"

आणि सगळी गिऱ्हाईकं ताडकन उठली.

वस्ताद तर "आलो साहेब!" म्हणत काउंटरवरच्या जगापर्यंत पोचलाही. चुलतभावांच्या हातून नकाशा खाली पडला. चाचांचा एक हात पेपरवर होता आणि दुसरा खांद्यावर नसलेला नॅपकिन शोधत होता. त्याच क्षणी कॅप्टन भटारखान्यातून पाण्याचा दुसरा जग घेऊन बाहेर आला आणि समोरचं दृश्य बघून जागीच उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले. हे मीच त्यांना घोटून शिकवलं होतं.

बिल्डर या गिऱ्हाइकाकडून त्या गिऱ्हाइकाकडं बघत होता. "साहेब," तो दिराला म्हणाला, "इथं गिऱ्हाईकच पाणी देतं वाटतं." पाणी मात्र तो तीन ग्लास प्याला. मग हसत हसतच उठला, आपण नंतर बोलू म्हणाला आणि खड्डा ओलांडून आपल्या गाडीकडं गेला.

दीर उभाच होता. "हे काय चाललंय?" त्यानं मला विचारलं.

कॅप्टननंच जग खाली ठेवला आणि सांगितलं. डाळीपासून सांगितलं, नंबराचं सांगितलं. लपवलं काही नाही. वस्तादनं मधेच गॉगल काढला आणि पनीर खरं तर मऊ होतं, एवढी भर घातली. दीर ऐकत होता. मध्येच तो चालत गेला, पडद्याला हात लावला, कोपऱ्यातली खुर्ची हलवून बघितली. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "दादा कुठं बसायचा?"

मी खिडकीजवळचं टेबल दाखवलं. तो तिकडं गेला आणि खुर्चीला हात घालणार तोच कॅप्टन म्हणाला, "साहेब, तिथं आज बाईंचा नंबर हाय."

मी त्याच्याकडं बघितलं. तोही माझ्याकडं बघत होता. आज उपासही नव्हता आणि एक्साइजचा माणूसही येणार नव्हता.

"मग बसा ना वहिनी," दीर म्हणाला आणि त्यानं माझ्यासाठी खुर्ची मागं ओढली.

बसले. माझा नंबर झाला, आता कॅप्टन जाणार, असं मनात आलं. खिडकीत कॅप्टननं लावलेला पडदा होता, त्यामुळे डोळ्यांत ऊन येत नव्हतं. पूर्वी यायचं. कॅप्टननं नॅपकिन खांद्यावर टाकला, माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "या बाई. काय घेणार?"

किती दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. औषध घेतलं का, सही केली का, जागा कधी देता, हे सगळं विचारून झालं होतं. काय घेणार, हे नव्हतं विचारलं. मी काय बोलतेय हे कळायच्या आत बोलून गेले, "दोन चहा."

दुसरा कुणासाठी, असं कॅप्टननं विचारलं नाही. वस्ताद सफारीतच आत गेला. थोड्या वेळानं दोन कप आले, एक माझ्यापुढं आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं. मग मात्र मला रडू आवरलं नाही. तोंडावर पदर घेऊन मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. चाचा काउंटरमागं जाऊन बाटल्या पुसायला लागले.

चहा निवत चालला तेव्हा दीर समोरच्या खुर्चीत बसला. त्यानं कप उचलला आणि आवाज न करता अर्धा संपवला. "पाऊस पडायचा तेव्हा पडू दे, वहिनी," तो म्हणाला. "बिल्डरला मी नाही सांगतो."

"आणि मुलाकडचे? काकू काय करते म्हणून विचारतील."

"विचारू देत." तो दाराकडं, रस्त्याकडं बघत म्हणाला, "बार चालवते म्हणून सांगतो."

आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. काही कोसळलं नाही.

कॅप्टन कप उचलायला आला. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलंही नाही. "झाला बाबा माझा नंबर. आता सगळ्यांचे झाले. कधी निघतोस?"

त्यानं दोन्ही कप एका हातात घेतले, दुसऱ्या हातानं टेबल पुसलं आणि हनुवटीनं दिराकडं दाखवलं.

"सगळ्यांचे कुठं झाले बाई? साहेबांचा राहिलाय की."